मोडीच्या ढिगांतून आकाशांत

नव्या यंत्रांचें वेड असलेल्या माणसास जुन्या बाजाराचें नांव काढलें कीं कमीपणा वाटतो. हिंदी विमानवाहतुकीचा इतिहास मात्र या जुन्या बाजारांतच सुरू झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. ज्या विमानांनीं नव्यानें स्वतंत्र झालेल्या देशाचीं शहरें एकमेकांस जोडलीं, त्यांपैकीं बहुतेक विमानें दुसऱ्यांच्या युद्धांत झिजलेलीं होतीं.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, त्या वेळीं बंगाल व आसाम प्रांतांत अमेरिकन सैन्याच्या सामानाचे डोंगर पडले होते. चीनला रसद पोंचविण्यासाठीं हिमालयाच्या पूर्वेकडील रांगांवरून १९४२ पासून जीं विमानें ये-जा करीत, त्यांचे तळ या भागांत होते. तें सर्व सामान समुद्रापार परत नेण्यापेक्षां येथेंच विकून टाकणें अमेरिकेस सोयीचें वाटलें.

त्यांत मोलाची वस्तु म्हणजे डाकोटा विमान. डग्लस कंपनीच्या ज्या डी. सी. ३ विमानाचें पहिलें उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजीं झालें, त्याची ही लष्करी आवृत्ति. सुमारें बाराशें अश्वशक्तीचीं दोन एंजिनें, ९५ फूट पसरलेले पंख, आणि जमिनीवर उभें असतांना शेपटी खालीं व नाक वर. त्यामुळें आंत शिरणाऱ्यास आपल्या खुर्चीकडे चढ चढून जावें लागे! लष्करी विमानांत दोन्ही बाजूंस नुसतीं घडीचीं बांकें असत. तीं काढून खुर्च्या व पडदे बसविले, कीं सेठसावकारांना बसण्याजोगें विमान तयार होई. माळरानावरची धांवपट्टीहि त्यास पुरे. इतकें सोशिक यंत्र नंतरच्या काळांत क्वचितच झालें असेल.

विमानांबरोबर निव्वळ मोडहि पुष्कळ होती. बंगालमधील पानागढ येथें पडलेली विमानांची मोड टाटा एअरक्राफ्ट कंपनीनें १९४६ सालीं दहा लाख रुपयांस विकावयास काढली. घेणारी होती एक कापडगिरणी. तिनें अडीच लाख रुपये विसार दिला, पण उरलेली रक्कम भरली नाहीं. तेव्हां कंपनीनें विसार जप्त केला. हा वाद कोर्टाच्या पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ सालीं विकणाराच्या बाजूनें निकालांत निघाला. विसार कशास म्हणावें, हें शिकतांना कायद्याचे विद्यार्थी आजहि हा खटला वाचतात.

हीं जुनीं विमानें कोणत्या कामास आलीं? २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं शीख पलटणीचे जवान घेऊन दिल्लीहून श्रीनगरास जीं विमानें उतरलीं तीं डाकोटाच होतीं. वायुदलापाशीं पुरेशीं विमानें नव्हतीं. म्हणून खासगी कंपन्यांचीं विमानें त्यांच्या वैमानिकांसह या कामास जुंपलीं गेलीं. पुढें २४ मे १९४८ रोजीं मेहरसिंग यांनीं दहा हजार फुटांहून उंच असलेल्या लेह येथील कच्च्या धांवपट्टीवर डाकोटा उतरविलें. १९४९ सालीं रात्रीची विमानटपाल सुरू झाली, तीहि याच विमानांवर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरीं परत जात.

परंतु या स्वस्ताईनें अनेकांस चकविलें. विमान थोडक्यांत मिळालें म्हणजे धंदा साधला, अशा समजुतीनें एकामागून एक कंपन्या निघाल्या. पेट्रोल, सुटे भाग, एंजिनांची वारंवार करावी लागणारी दुरुस्ती आणि जाणत्या मिस्त्रींचे पगार यांचा हिशेब कागदावर मांडला गेला नाहीं. उतारूहि सर्वांना पुरतील इतके नव्हते. अंबिका, ज्युपिटर वगैरे कंपन्या बुडाल्या. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या समितीनें १९५० सालीं गरजेपेक्षां अधिक परवाने दिले गेल्याचें स्पष्ट सांगितलें. परवाने देणारांचा हा दोष लहान नव्हता. १९५३ सालीं देशांतील वाहतूक इंडियन एअरलाइन्सच्या स्वाधीन झाली, तेव्हां तिच्याकडे आलेल्या ९९ विमानांपैकीं ७४ डाकोटा होतीं.

सर्वांत नवलाची हकीकत मात्र कानपूरची. ब्रिटिश वायुदलाचीं चार एंजिनांचीं लिबरेटर बाँबफेकीं विमानें चकेरीच्या तळावर टाकून दिलेलीं होतीं. कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत म्हणून त्यांचीं उपकरणें फोडून एंजिनांत वाळू ओतली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४० सालीं बंगलोर येथें निघालेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानें हीं विमानें पुन्हां उडविण्याचें काम अंगावर घेतलें. कारागिरांनीं एका विमानाचे भाग दुसऱ्यास लावून तीं जेमतेम उडण्याजोगीं केलीं, आणि वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं तशा अर्धवट डागडुजीवर तीं सुमारें नऊशें मैल उडवीत बंगलोरास नेलीं. ही जोखीम पत्करणारा माणूस मिळाला नसता, तर सारें लोखंड तेथेंच कुजलें असतें. १९४८ च्या नोव्हेंबरांत त्यांतील पहिलीं विमानें घेऊन वायुदलाची पांचवी तुकडी उभी राहिली. लिबरेटर विमानांची आपल्याकडील नोकरी पुढें १९६८ पर्यंत चालली. त्यांतील एक विमान १९७४ सालीं ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयास भेट देण्यांत आलें. तें जहाजावर न चढवितां येथून उडवीतच इंग्लंडास नेलें.