याब्बेके ते जिनिव्हा : स्पोर्ट्‌स कार आणि तिचे साक्षीदार



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाचं स्पोर्ट्‌स कारशी काय काम? प्रश्न रास्त आहे. पण आम्हाला गाडीपेक्षा गाडीविषयी जे बोललं गेलं, लिहिलं गेलं, त्यात जास्त रस आहे. एखादी गाडी ताशी १५० मैल धावते असं आपण वाचतो आणि मानतो. आपण ती चालवलेली नसते, धावताना पाहिलेलीही नसते. मग हे ज्ञान आपल्याला कुठून झालं? नैयायिक म्हणतील, शब्दप्रमाणातून. विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावरून. आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोटार कंपन्यांनी हेच ओळखलं होतं : आपण स्वतः सांगितलेलं लोक मानत नाहीत, वार्ताहराने सांगितलेलं मानतात.

सुरुवात करू १९४८ पासून. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती. ब्रिटन विजयी पण कर्जबाजारी. परकीय चलन हवं म्हणून सरकारचं धोरण असं, की जो माल निर्यात करील त्याला पोलाद मिळेल. कोव्हेंट्री शहर १९४० च्या बाँबवर्षावात होरपळलेलं. त्याच शहरात विल्यम लायन्स यांची जॅग्वार कंपनी. युद्धकाळात कारखान्यावर रात्री आगीचा पहारा करताना तिथल्या अभियंत्यांनी एका नव्या इंजिनाचा आराखडा रचला होता. ते इंजिन मुळात मोठ्या सलून गाडीसाठी होतं. ती तयार व्हायला वेळ होता, म्हणून इंजिन लोकांपुढे यावं यासाठी घाईने एक दोन आसनी उघडी गाडी बनवली आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडली. नाव एक्सके १२०. त्यातला १२० म्हणजे ताशी १२० मैल, आपल्या हिशेबाने सुमारे १९३ किलोमीटर. करापूर्वीची किंमत १,००० पौंडांच्या आत.

लोक भाळले, आणि लगेच शंकाही आली. एवढ्या पैशात एवढा वेग? नावातच आकडा घातलाय म्हणजे नुसती बढाई असणार! ही शंका परवडणारी नव्हती, कारण गिऱ्हाईक समुद्रापलीकडे अमेरिकेत होतं. लायन्सनी काय केलं? मोठी जाहिरात दिली नाही. विमान भाड्याने घेतलं.

३० मे १९४९. ब्रिटिश वार्ताहरांना बेल्जियमला नेण्यात आलं. तिथे ओस्टेंडजवळ याब्बेके नावाचं गाव, आणि त्याच्याजवळून जाणारा सरळ, सपाट महामार्ग. ब्रिटनमध्ये तेव्हा असा रस्ताच नव्हता. पहिला मोटारवे व्हायला आणखी नऊ वर्षं होती. गाडी चालवायला कंपनीचा चाचणी-चालक रॉन सटन. वेळ मोजायला बेल्जियमचा रॉयल ऑटोमोबाइल क्लब, म्हणजे कंपनीचा माणूस नव्हे. आधी कापडी टप आणि बाजूचे पडदे लावून गाडी धावली : ताशी १२६ मैल. मग पुढची काच काढून, प्रवाशाची जागा झाकून धावली : १३२.६ मैल. त्यानंतर सटनने तीच गाडी टॉप गिअरमध्ये, ताशी दहा मैलांच्या चालीने वार्ताहरांसमोरून नेली. वेगाने दिपलेल्या माणसाला हे दाखवायचं होतं, की ही शर्यतीपुरती हट्टी गाडी नाही, बाजारात भाजी आणायलाही नेता येईल.

वार्ताहर परतले आणि त्यांनी पाहिलं ते लिहिलं. पुढे काही वर्षं याब्बेके हे जणू तीर्थक्षेत्रच झालं. १९५३ मध्ये सनबीम अल्पाइन तिथे गेली, त्याच वर्षी ट्रायम्फ टीआर २ गेली आणि तिने १२४ मैलांचा आकडा आणला. नवी गाडी, तोच रस्ता, तेच घड्याळ, आणि रस्त्याच्या कडेला वही घेतलेले पत्रकार. एक विधीच ठरून गेला.

आता बारा वर्षं पुढे जाऊ. १५ मार्च १९६१, जिनिव्हा. मोटार प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी पार्क दे-ओ-व्हिव्ह या बागेतल्या उपाहारगृहात पत्रकारांना बोलावलं होतं. जॅग्वारची नवी ई-टाइप तिथे दाखवायची होती. गाडी कोव्हेंट्रीहून रस्त्याने येत होती. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातले बॉब बेरी ती चालवत होते आणि समारंभाला काही मिनिटं उरली असताना ते पोचले. गाडी पाहून गर्दी उसळली. प्रत्येकाला बसून फेरी मारायची होती, एक गाडी पुरेना. लायन्सनी कोव्हेंट्रीला निरोप धाडला, आणि चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस दुसरी उघडी गाडी घेऊन रातोरात निघाले ते सकाळी जिनिव्हात हजर. ही धावपळ स्वतःच बातमी झाली. आजही ई-टाइपचा इतिहास लिहिणारा कुणी हा प्रसंग गाळत नाही.

पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याआधीच घडली होती. ‘ऑटोकार’ आणि ‘द मोटर’ या दोन ब्रिटिश नियतकालिकांना कंपनीने गाड्या आधीच चाचणीसाठी दिल्या होत्या. अट एकच : ठरलेल्या तारखेपूर्वी अक्षर छापायचं नाही. ‘ऑटोकार’ला वेग मिळाला १५०.४ मैल, ‘द मोटर’ला १४९.१. ब्रिटनमध्ये किंमत करासह सुमारे २,१०० पौंड. तेव्हाची ॲस्टन मार्टिन डीबी ४ जवळपास दुप्पट महाग होती. ‘दीडशे मैलांची गाडी’ हे बिरुद कायमचं चिकटलं.

मात्र ज्या गाड्या पत्रकारांना दिल्या त्या काळजीपूर्वक निवडून, इंजिन नीट जुळवून दिलेल्या होत्या. चाकांना शर्यतीचे टायर होते. शोरूममधून घेतलेल्या साधारण ई-टाइपला दीडशे गाठणं जमत नसे, ती थोडी अलीकडेच थांबे.

आता बघा, यात खोटं कोण बोललं? पत्रकाराने मोजलं ते लिहिलं. घड्याळ खरं होतं. कंपनीने गाडी दिली, तीही ई-टाइपच होती. तरी वाचकाच्या मनात जी समजूत झाली, की मी विकत घेईन ती गाडी दीडशेने धावेल, ती बरोबर नव्हती. सगळे खरं बोलले आणि ऐकणारा फसला!

न्यायशास्त्रात आप्त कुणाला म्हणावं याची चर्चा आहे. वात्स्यायनाचा आशय असा, की ज्याला वस्तूचं साक्षात ज्ञान आहे आणि जे जाणलं ते तसंच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. ‘ऑटोकार’चा लेखक या दोन्ही कसोट्यांना उतरतो. गफलत होते ती पुढच्या पायरीवर, व्याप्तीत. ‘ही गाडी’ यावरून ‘अशी प्रत्येक गाडी’ इथवर उडी मारली जाते, आणि ‘ही’ कोणती, हे साक्षीदाराने निवडलेलं नसतं. ते विकणाऱ्याने निवडलेलं असतं.

मग याब्बेकेलाही निवडलेलीच गाडी होती ना? होती. पण तिथे दावा १२० चा होता आणि टप लावूनही १२६ निघाले. दाव्यात आणि मोजमापात अंतर ठेवलेलं होतं. गिऱ्हाइकाची गाडी थोडी मंद निघाली तरी शब्द राखला जाई. १९६१ मध्ये सगळ्यात चांगल्या गाडीने जेमतेम गाठलेला आकडाच दावा झाला. आमच्या मते दोन प्रसंगांतला नैतिक फरक एवढाच, पण तो लहान नाही.

अमेरिकेत हेच घाऊक प्रमाणावर झालं. एप्रिल १९६४ मध्ये फोर्डने मस्टँग आणली, किंमत २,३६८ डॉलर. न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात पत्रकारांना बोलावलं आणि गाड्यांच्या किल्ल्याच हातात दिल्या : चालवत डिअरबॉर्नपर्यंत या! त्या गाड्या जवळजवळ हाताने जोडलेल्या होत्या. ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ दोघांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठ दिलं. पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. पुढे याच फोर्डने जॅग्वार घेतली आणि २००८ मध्ये ती मुंबईच्या टाटा मोटर्सला विकली, त्यामुळे ही कथा आता फार परकी राहिलेली नाही.

यावर उपाय कुणी केला का? केला. अमेरिकेत १९३६ मध्ये स्थापन झालेली कन्झ्युमर्स युनियन ही संस्था जाहिराती घेत नाही आणि कंपनीने दिलेली गाडीही घेत नाही. तिचा माणूस साध्या गिऱ्हाइकासारखा दुकानात जातो, पैसे मोजतो, मिळेल ती गाडी आणतो आणि मग तपासतो. उदाहरण निवडण्याचा अधिकार विक्रेत्याच्या हातून काढून घेतला, की साक्ष बळकट होते.

म्हणून मंडळी, आज मोबाइल असो, गाडी असो की औषध असो, कुणाची परीक्षा-समीक्षा वाचलीत तर लेखक प्रामाणिक आहे का हे जरूर विचारा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या हातात ती वस्तू कुणी दिली, हेही विचारा. एवढं सांगून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारावेत.