तीन शिलालेख आणि एक सायकल

वाघळी, पाटण आणि बहाळ या तीन गावांचे शिलालेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या तीन खंडांत विखुरले आहेत. तिन्हींचे संपादन फ्रान्झ कीलहॉर्न यांचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते जर्मनीत गटिंगेनला गेले, आणि तिथे बसून ठशांवरून त्यांनी ही अक्षरे लावली. पाटणचा लेख त्याआधीच डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला होता. ही तिन्ही गावे आज एकाच चाळीसगाव तालुक्यात आहेत. खंड चाळताना ही जवळीक लक्षात येत नाही, सायकलवर येते.

चाळीसगावहून जळगावच्या दिशेने निघाले की वाघळी लागते. तिथला लेख शके ९९१चा, म्हणजे इ. स. १०६९चा. मौर्य कुळातला गोविंदराज नावाचा मांडलिक शिवालय आणि अन्नसत्र उभारतो आणि यादव राजा सेउणचंद्र त्याला हातभार लावतो. मौर्य म्हटले की आपल्याला पाटलीपुत्र आठवते. त्या नावाचे एक घराणे अकराव्या शतकात आपल्या कापसाच्या रानात नांदत होते, हे किती जणांना ठाऊक असते?

पाटणला जायचे तर तोंड उलट, सातमाळ्याच्या डोंगराकडे करावे लागते. चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटर. मोटारीतून सपाट वाटणारा हा रस्ता सायकलवर हळूहळू चढत जातो आणि पायांना तो नेमका कळतो. आज तिथे पाटणादेवीचे प्राचीन देऊळ, गौताळ्याचे जंगल आणि यात्रेकरू आहेत. या जंगलामुळेच एक समज पक्का झाला आहे की भास्कराचार्यांनी इथे एकांतात बसून गणित केले.

शिलालेख काही वेगळे सांगतो. त्यात भास्कराचार्यांच्या जन्माची गोष्ट नाही. यादव सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ स्थापला. निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने शके ११२८मध्ये त्या मठाला दान दिले. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी व्यवहार आला की तो जुन्या मराठीत उतरतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला, आणि तेलाच्या दर घाण्यामागे पळीभर तेल. वर्णन कोणत्याही भाषेत चालते. देणेघेणे मात्र तेल्याला आणि वाण्याला समजेल अशाच भाषेत लिहावे लागते.

म्हणजे ‘सिद्धांतशिरोमणी’चे अध्यापन अरण्यात चालत नव्हते. ते घाण्यांच्या करकरीत, गिऱ्हाइकांच्या गलबल्यात चालत होते. घाटाच्या पायथ्याशी पेठ का वसली, हे त्या चढाने दमल्यावर उमगते. सायकलचा वेग लमाणांच्या बैलांपेक्षा थोडाच जास्त. घाट चढण्याआधी माणसाला आणि जनावराला थांबावेच लागते, आणि जिथे तांडे थांबतात तिथे बाजार भरतो.

बहाळ पार उत्तरेला, गिरणेच्या काठी. शके ११४४मध्ये, पाटणच्या दानानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, तिथे भवानीचे देऊळ बांधणारा अनंतदेव हाही सिंघणाचाच ज्योतिषी. भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती, त्याचा हा नातू. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर त्याने टीका लिहिली. एका घराण्याचे दोन नातू, एक डोंगरपायथ्याला आणि दुसरा नदीकाठी. त्यांच्या गावांमधले अंतर सायकलवर एका दिवसात सहज उरकते. गणिताची ही परंपरा एका मठापुरती नव्हती. ती एका मुलखाची होती.

राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७पासून धुळ्यात उभे आहे. कागद दप्तरात आणता येतो. चढ, नदी आणि पेठेची जागा आणता येत नाही. तिथे जावेच लागते. आज पाटणला मठाचा मागमूस नाही. ज्या गावाने तेलाच्या पळीवर गणित जगवले, त्याला आपण नुसते तपोवन म्हणत राहिलो, तर तेली, वाणी आणि लमाण या विद्येच्या इतिहासातून कायमचे पुसले जातील.