पाणी भरणारा झाडू

दुसऱ्या शतकात युफ्रेटिस नदीच्या काठी, सामोसाटा नावाच्या गावी जन्मलेल्या लुशियन या लेखकाने ग्रीक भाषेत एक संवाद लिहिला. त्याचा विषय होता लोकांना वाटणारी खोट्याची ओढ. पायाच्या दुखण्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या युक्रेटीस नावाच्या श्रीमंत गृहस्थाभोवती शिकलीसवरलेली मंडळी जमली आहेत आणि भुताखेतांच्या, जादूटोण्याच्या एकाहून एक अचाट गोष्टी शपथेवर सांगत आहेत. युक्रेटीसही तरुणपणची आठवण सांगतो. इजिप्तमध्ये नाईल नदीवरच्या प्रवासात त्याला पँक्रेटीस नावाचा मांत्रिक भेटला. हा मांत्रिक तेवीस वर्षे जमिनीखालच्या देवळांत राहून विद्या शिकला होता. मुक्कामाच्या ठिकाणी पोचले, की तो दाराचा अडसर, झाडू नाहीतर मुसळ घ्यायचा, त्याला कपडे घालायचा आणि मंत्र म्हणायचा. मग ते लाकूड माणसासारखे चालू लागे, पाणी भरी, बाजारहाट करी, स्वयंपाक रांधी. युक्रेटीसने एकदा अंधारात लपून तो तीन अक्षरांचा मंत्र ऐकला आणि दुसऱ्या दिवशी गुरू बाजारात गेल्यावर मुसळाला पाणी आणायला सांगितले. मुसळाने पाणी आणले, पण थांबवायचा मंत्र शिष्याला ठाऊक नव्हता. घरभर पाणी झाले. त्याने कुऱ्हाडीने मुसळाचे दोन तुकडे केले, तेव्हा एकाचे दोन पाणके झाले. शेवटी गुरू परतला, त्याने लाकडाचे पुन्हा लाकूड केले आणि काही न बोलता तो शिष्याला कायमचा सोडून निघून गेला.

वाद्यवृंदाच्या संगीतावर बेतलेल्या ॲनिमेशनपटांचा इतिहास इजिप्तच्या मुसळापासून सुरू करणे काहींना लांबचे वाटेल. पण या कलेतला सर्वांत प्रसिद्ध नऊ-साडेनऊ मिनिटांचा तुकडा, म्हणजे निळी टोपी घातलेला मिकी माउस आणि त्याचे बादल्या वाहणारे झाडू, थेट याच मुसळाच्या वंशातला आहे. आपण ही वंशावळ पायरीपायरीने पाहू. प्रत्येक पायरीवर गोष्ट कुणाच्या हातात गेली आणि त्या हाताने तिच्यातले काय बदलले, ते त्याशिवाय दिसत नाही.

जवळजवळ सोळा शतके ही कथा लुशियनच्या पोथ्यांमध्ये राहिली. १७८८-८९ च्या सुमारास व्हीलांड या जर्मन लेखकाने लुशियनचे साहित्य जर्मन भाषेत आणले. पुढे १७९७ साली गटे आणि शिलर हे दोन मित्र ईर्ष्येने पोवाड्यासारखी कथागीते लिहीत होते. त्या वर्षी गटेने ‘जादूगाराचा शिष्य’ ही चौदा कडव्यांची कविता लिहिली आणि ती शिलरच्या वार्षिकांकात छापून आली. तिच्यात मुसळ गेले आणि झाडू आला. त्याहून महत्त्वाचा बदल सांगण्याच्या पद्धतीत झाला. लुशियनकडे एक म्हातारा पूर्वीची हकीकत छातीठोकपणे सांगतो आणि लेखक त्याच्या थापांना हसतो. गटेकडे निवेदक उरलाच नाही. सगळे शिष्याच्याच तोंडून, आत्ता, या क्षणी घडते. आधी त्याची ऐट, मग धास्ती, मग संताप आणि शेवटी गुरूचा धावा. गुरू बोलतो तो फक्त अखेरच्या कडव्यात आणि तो शिष्याला टाकून जात नाही, झाडूला कोपऱ्यात पाठवतो. थापेबाजांची टिंगल करणारी कथा इथे शिकाऊ माणसाच्या उतावळेपणाची झाली. माझ्या मते पुढच्या सगळ्या रूपांतरांचा पाया गटेच्या या एका निर्णयात आहे. वाढत जाणारी घाई आणि वाढत जाणारी भीती हा ऐवज मुळातच संगीताचा आहे.

तो ओळखला पॉल द्युकास या फ्रेंच संगीतकाराने. १८ मे १८९७ रोजी, कवितेला बरोबर शंभर वर्षे होत असताना, पॅरिसच्या राष्ट्रीय संगीत सभेत त्याची याच नावाची वाद्यवृंदरचना प्रथम वाजली. संचालन त्याचेच होते. द्युकास स्वतःच्या कामाबाबत इतका कठोर होता, की अनेक रचना त्याने स्वतःच नष्ट केल्या. त्यामुळे त्याच्या नावावर फार थोडे उरले आणि त्यातले जगभर पोचले ते हेच. रचना दहा-बारा मिनिटांची आहे. सुरुवातीला तलम, गूढ सूर येतात, मग मंत्राचा झटका, मग शांतता. त्यानंतर बासून या खर्जातल्या फुंकवाद्यांवर झाडूची ती प्रसिद्ध, ठेचकाळत चालणारी धून सुरू होते. हळूहळू सगळा वाद्यवृंद तिच्यात ओढला जातो आणि पाणी चढत जाते. आता कुऱ्हाडीचा क्षण नीट ऐकावा. वाद्यवृंद कडाडतो आणि एकदम थांबतो. सारे संपले असे वाटते. मग सर्वांत खालच्या पट्टीतला काँट्राबासून एकटा, तुटक घुमतो. धून अडखळत पुन्हा उभी राहते आणि थोड्याच वेळात बास क्लॅरिनेट तीच धून घेऊन मागोमाग येतो. एकाचे दोन पाणके झाले, हे द्युकासने एका धुनेमागे तीच धून लावून सांगितले. शब्द नाहीत, चित्र नाही, तरी पायरीवरून उतरणारे पाणी ऐकू येते.

चित्र मात्र तोवर दुसऱ्या वाटेने संगीताकडे येत होते. १७२५ साली कास्तेल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने पट्टी दाबताच रंग दाखवणाऱ्या हार्पसिकॉर्डची कल्पना मांडली होती. स्क्र्याबिनच्या ‘प्रोमिथियस’ या रचनेबरोबर १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये रंगीत प्रकाशझोत सोडले गेले. १९२१ साली वॉल्टर रुटमान या जर्मन चित्रकाराने ‘ओपस १’ हा निव्वळ आकारांचा हलता पट केला आणि त्यासाठी माक्स बुटिंगकडून खास संगीत लिहून घेतले. बोलपट येईपर्यंत हे संगीत प्रत्येक खेळाला वादकांना समोर बसून वाजवावे लागे आणि ते चित्राशी जुळले तर जुळले. १९२८ नंतर ध्वनी फिल्मवरच बसला आणि हिशेब पक्का झाला. सेकंदाला चोवीस चौकटी. एक ठोका किती चौकटींचा हे एकदा ठरले, की पाऊल नेमके त्याच ठोक्यावर पडणार. डिस्नेच्या स्टुडिओत तेव्हा कार्ल स्टॉलिंग हा संगीतकार होता. चित्राने संगीताच्या मागे जावे की संगीताने चित्राच्या, यावर त्याचा आणि वॉल्ट डिस्नेचा वाद झाला. तोड अशी निघाली, की मिकीच्या चित्रपटांत संगीत चित्रामागे जाईल आणि ‘सिली सिंफनी’ या नव्या मालिकेत चित्र संगीतामागे. मालिकेचा पहिला पट १९२९ चा ‘स्केलेटन डान्स’. त्यात स्मशानातले सांगाडे नाचतात ते काही अंशी ग्रीगच्या संगीतावर.

द्युकासच्या रचनेला पडद्यावर सर्वांत आधी डिस्नेने आणले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. १९३० साली अमेरिकेत विल्यम कॅमेरन मेन्झीस या कलादिग्दर्शकाच्या पुढाकाराने याच संगीतावर खऱ्या नटांचा एक लघुपट निघाला होता. आणि १९३१ साली बर्लिनमध्ये ऑस्कर फिशिंगरने आपला ‘स्टडी क्रमांक ८’ केला. या माणसापाशी आपण थोडे थांबू. फिशिंगरचा जन्म १९०० सालचा, गेल्नहाउझेन या गावचा. तरुणपणी त्याने ऑर्गन बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली आणि मग यंत्रांचे आराखडे काढण्याचे शिक्षण घेतले. फ्रित्झ लांगच्या चंद्रप्रवासावरच्या चित्रपटासाठी काम करताना त्याचा घोटा मोडला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने कोळशाने कागदांवर आकार काढायला सुरुवात केली आणि त्यातून ‘स्टडी’ मालिका घडली. हजारो कागद, प्रत्येकावर किंचित सरकलेली रेषा. पडद्यावर मात्र काळ्या अवकाशात पांढरे आकार झेपावतात. क्रमांक ७ मध्ये ब्राम्सचे हंगेरियन नृत्य आहे, क्रमांक ८ मध्ये द्युकास. त्यात शिष्य नाही, झाडू नाही, पाणीही नाही. कमानी, चंद्रकोरी, ठिणग्या एकमेकींतून फुटतात, गर्दी करतात, विरतात. गोष्ट काढून घेतल्यावर या संगीतात गतीचे जे शुद्ध बळ उरते, ते फिशिंगरने पाहिले. आणि मध्येच पट संपतो, कारण रचनेच्या उत्तरार्धाचे हक्क घेण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. कुऱ्हाडीनंतरचे दोन पाणके त्याने कसे काढले असते, हा प्रश्न मला मिकीचे ते झाडू ज्यात आहेत तो डिस्नेचा ‘फँटेसिया’ पाहताना दर वेळी पडतो.

डिस्नेकडे पैशांची तेवढी अडचण नव्हती. १९३७ साली त्याने रचनेचे हक्क मिळवले. मिकीची लोकप्रियता तेव्हा डोनाल्ड डकपुढे उतरत चालली होती आणि त्याला भारदस्त पुनरागमन हवे होते. त्याच वर्षी हॉलिवूडच्या एका भोजनगृहात डिस्नेची गाठ लिओपोल्ड स्टोकोव्स्कीशी पडली. फिलाडेल्फिया वाद्यवृंदाचा हा विख्यात संचालक लगेच तयार झाला. जानेवारी १९३८ मध्ये कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओत, मध्यरात्री, सुमारे पंच्याऐंशी वादकांना घेऊन त्याने रचना ध्वनिमुद्रित केली. चित्रे त्यानंतर. मुद्रणातला प्रत्येक ठोका चौकटींत मोजून तक्त्यांवर उतरवला गेला आणि चित्रकारांनी त्या मोजमापात रेखाटने बसवली. फ्रेड मूरने मिकीला नव्याने घडवले. त्याच्या डोळ्यांत बुबुळे आली आणि त्यामुळे नजर आली. जादूगाराचे रेखाटन बिल टिटलाचे. स्टुडिओतली मंडळी या जादूगाराला डिस्ने हे नाव उलटे वाचून ‘येन सिड’ म्हणत. खर्च सव्वा लाख डॉलरवर गेला. एका लघुपटातून तो भरून निघणे शक्य नव्हते, म्हणून तसेच आणखी तुकडे जोडून पूर्ण लांबीचा संगीतपट करायचे ठरले. ‘फँटेसिया’चा जन्म असा अंदाजपत्रक चुकल्यातून झाला.

आता या हाताने गोष्टीत काय बदलले ते पाहा. रचनेच्या चढत्या भागावर डिस्नेने मिकीला खुर्चीत झोपवले आणि स्वप्न दिले. कड्याच्या टोकावर उभा राहून तो तारे, धूमकेतू आणि लाटा यांना वाद्यवृंद संचालकासारखा हुकूम देतो. ना लुशियनकडे हे होते, ना गटेकडे. कुऱ्हाडीचा घाव आपल्याला थेट दिसत नाही, दिसतात भिंतीवरच्या सावल्या. मग रंग ओसरून पडदा राखाडी होतो. आणि द्युकासचा तो एकटा काँट्राबासून घुमू लागतो, तेव्हा एक ढलपी हलते. मग दुसरी. मग सगळ्याच. प्रत्येक ढलपीचा झाडू होतो आणि दोन पाणक्यांच्या जागी फौज उभी राहते. मला हा बदल नुसता भव्यतेसाठी केलेला वाटत नाही. संगीत या ठिकाणी खरोखरच दोनावर थांबत नाही, ते शेकड्यांनी वाढते आणि डिस्नेच्या चित्रकारांनी ते कवितेपेक्षा संगीताकडून अधिक ऐकले. शेवटी गुरू पाणी दुभंगत पायऱ्या उतरतो आणि शिष्याच्या पाठीमागे झाडूचा एक फटका बसतो तो नेमका अखेरच्या सुरांवर. लुशियनचा गुरू निघून गेला होता. इथला रागावतो, पण त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे.

याच काळात फिशिंगर त्याच स्टुडिओत पगारावर होता. नाझी जर्मनीत अमूर्त कलेला जागा उरली नव्हती, म्हणून तो १९३६ साली अमेरिकेला आला. एमजीएमसाठी त्याने लिस्टच्या संगीतावर १९३८ साली ‘ॲन ऑप्टिकल पोएम’ केला, तारांना टांगलेले कागदी वर्तुळे-त्रिकोण एकेक चौकट हलवून. मग डिस्नेने त्याला ‘फँटेसिया’तल्या बाखच्या तुकड्यासाठी घेतले. पण तिथे त्याचे प्रत्येक रेखाटन दुसरे कुणीतरी सोपे करून, ओळखीच्या वस्तूंकडे वळवून पुढे पाठवी. काही महिन्यांत, १९३९ मध्ये, तो बाहेर पडला आणि त्याचे नाव पडद्यावर आले नाही. आठ वर्षांनी, १९४७ साली, त्याने प्लेक्सिग्लासवर तैलरंगाचे एकेक फटकारे देत, बाखच्याच तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोवर ‘मोशन पेंटिंग क्रमांक १’ पूर्ण केला. संगीताची सावली न होता संगीताबरोबर चालणारे चित्र कसे असते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो पाहावा.

‘फँटेसिया’ १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात लागला. हे तेच थिएटर, जिथे बारा वर्षांपूर्वी, तेव्हाच्या ‘कॉलनी’ या नावाखाली, मिकीचा ‘स्टीमबोट विली’ झळकला होता. प्रेक्षागृहाच्या वेगवेगळ्या बाजूंनी ध्वनी यावा म्हणून बसवलेली ‘फँटासाउंड’ यंत्रणा इतकी महाग होती, की मोजक्याच शहरांना तो खेळ तसा पाहता आला. युरोपची बाजारपेठ महायुद्धाने बंद केली. पट तोट्यात गेला, वितरकांनी तो कापला आणि खरा प्रेक्षक त्याला मिळाला तो १९६९ च्या पुनर्प्रदर्शनात, तरुण पिढीकडून. मधल्या काळात इतरांनी ही वाट आपापल्या परीने वळवली. चक जोन्सने १९५७ मध्ये वाग्नरचे तासन्‌तास चालणारे ऑपेरा बग्ज बनीसाठी सात मिनिटांत बसवले. इटलीच्या ब्रुनो बोझेत्तोने १९७६ मध्ये ‘अलेग्रो नोन त्रोप्पो’ करून ‘फँटेसिया’ला उत्तर दिले. त्यातली सिबेलियसच्या ‘वाल्स त्रिस्त’वरची, पडक्या घरात हिंडणारी मांजर ज्याने पाहिली, त्याला हा प्रकार केवळ विनोदाचा नाही हे पटते.

डिस्ने कंपनीने १९९९ च्या डिसेंबरात कार्नेगी हॉलमध्ये ‘फँटेसिया २०००’ सादर केला, तेव्हा जुन्या पटातला एकच तुकडा जसाच्या तसा ठेवला. तो हाच. बाकीचे बहुतेक संगीत जेम्स लिव्हाइनच्या संचालनाखाली शिकागो सिंफनीने नव्याने वाजवले. झाडूंसाठी मात्र स्टोकोव्स्कीचेच जुने मुद्रण राहिले, कारण चित्रातली पावले त्याच मुद्रणावर मोजलेली होती. अलीकडे मोठ्या सभागृहांत ‘फँटेसिया’ पडद्यावर आणि वाद्यवृंद समोर, असे प्रयोग होतात. द्युकासने ही रचना संचालकाने आपल्या समजुतीने वाजवावी म्हणून लिहिली होती. या प्रयोगांत संचालक पडद्याकडे नजर ठेवतो आणि जानेवारी १९३८ च्या त्या मध्यरात्री स्टोकोव्स्कीने धरलेल्या लयीत, मिकीच्या पावलाबरोबर, आपले वादक सांभाळतो.