तळटीप : ‘वर्तन’ या शब्दाविषयी

‘वर्तन’ हा शब्द इथे लेखकाने सहज योजलेला नाही. आक्षेप समलिंगी माणसाला नसून त्याच्या लैंगिक वर्तनाला आहे, ही मांडणी अमेरिकेत ‘ख्रिश्चन लीगल सोसायटी विरुद्ध मार्टिनेझ’ (२०१०) या खटल्यात कसाला लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयातील या विद्यार्थी संघटनेत समलिंगी संबंध ठेवून पश्चात्ताप न करणाऱ्याला सदस्यत्व मिळत नसे. मान्यताप्राप्त संघटनेचे दार प्रत्येक विद्यार्थ्याला खुले असावे, या नियमावर बोट ठेवून महाविद्यालयाने मान्यता नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो नियम उचलून धरला. ओळख आणि वर्तन यांची फारकत न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी अमान्य केली. त्यांनी १९९३च्या निकालातला दाखला दिला : ज्यूंच्या पारंपरिक टोपीवर लावलेला कर हा ज्यूंवरचाच कर होय.

तरी श्रद्धावंतांच्या दृष्टीने हा भेद निव्वळ पळवाट नव्हे. कॅथलिक धर्मशिक्षणही कल आणि कृती वेगळी मानते, आणि ब्रह्मचर्य पाळणारे समलिंगी ख्रिस्ती स्वतः हा भेद जगतात. पण कायद्याने तो इतरांवर लादला की काय होते, हे आपण पाहिले आहे. कलम ३७७ विशिष्ट कृतींना गुन्हा ठरवते, कोणत्याही ओळखीला नाही, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये कौशल निकालात म्हटले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल रद्द केला.