रंग भारी, ब्रश मात्र स्वस्तातला?

पावसाळा ओसरला आणि दसरा-दिवाळी जवळ आली की शहरातल्या अनेक घरांत रंगकामाचे बेत आखले जातात. छटांच्या पुस्तिका चाळल्या जातात आणि हॉलची एक भिंत गडद असावी की नाही यावर घरात खल होतो. ब्रशची आठवण मात्र दुकानातून निघता निघता होते. हाताला लागेल तो, शक्यतो स्वस्तातला ब्रश पिशवीत पडतो. मग दारावर ब्रशच्या रेघा उमटतात, रंगात केस चिकटून राहतात, कडेला ओघळ दिसतात आणि दोष रंगाच्या माथी मारला जातो.

वास्तविक एकाच डब्यातला रंग दोन वेगळ्या ब्रशांनी लावला तर दोन वेगळे परिणाम दिसतात. अंतिम सफाईचा मोठा भाग तर डबा उघडण्यापूर्वीच, पृष्ठभागाच्या तयारीत ठरलेला असतो. संपूर्ण घर रंगाऱ्याकडे सोपवले तरी एखादी खोली, ग्रील किंवा जुने कपाट घरच्या घरी रंगवणारे पुष्कळ असतात. त्यांनी खरेदीपूर्वी ध्यानात घ्याव्यात अशा काही गोष्टी.

आधी रंग, मग ब्रश

घरात वापरले जाणारे रंग ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. डिस्टेंपर आणि इमल्शन हे पाण्यात मिसळणारे, तर दारे-खिडक्या व ग्रीलला लावला जाणारा नेहमीचा एनॅमल, म्हणजेच बोलीतला ऑइल पेंट, हा टर्पेंटाइनने पातळ होणारा. ब्रशची निवड या फरकावर अवलंबून असते.

पारंपरिक ब्रश डुकराच्या राठ केसांचे असतात. या केसांची टोके नैसर्गिकरीत्या फाटलेली असल्याने ती रंग धरून ठेवतात आणि तो सारखा पसरवतात. ऑइल पेंट, वॉर्निश यांसाठी हे ब्रश उत्तम. पाण्यातल्या रंगात मात्र हे केस पाणी शोषून फुगतात, मऊ पडतात आणि ब्रशचा आकार बिघडतो. इमल्शनसाठी म्हणूनच नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या कृत्रिम केसांचा ब्रश घ्यावा. पाण्यातही त्याचा ताठपणा टिकतो. चुन्यासाठी वापरली जाणारी वनस्पतीच्या तंतूंची कुंची इमल्शनला वापरू नये. तिच्या जाड रेघा वाळल्यावरही दिसत राहतात.

मापाचे गणित सोपे आहे. खिडकीच्या चौकटी व ग्रीलसाठी १ ते दीड इंची, दारांसाठी २ ते ३ इंची आणि भिंतीसाठी ४ इंची ब्रश पुरेसा ठरतो. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथली रेघ सरळ यावी यासाठी दीड-दोन इंची, तिरप्या कापाचा ब्रश उपयोगी पडतो. मोठ्या ब्रशने काम लवकर उरकते, हा समज अरुंद जागी उलटतो. तिथे वेळ वाचण्याऐवजी काच पुसण्यात जातो.

ब्रश पारखताना

दुकानातच ब्रशचे केस तळहातावर पंख्यासारखे पसरून पाहावेत. दाब काढताच ते पुन्हा एकत्र यायला हवेत. केस हलकेच ओढून पाहावेत. नव्या ब्रशचे एक-दोन केस निघणे स्वाभाविक आहे. झुपकाच हाती येत असेल तर तो ब्रश परत ठेवावा. केस बाजूला सारून मुळाशी डोकावावे. स्वस्त ब्रशमध्ये मध्यभागी जाड लाकडी पट्टी घालून केसांची जागा भरून काढलेली असते. असा ब्रश दिसायला भरदार असतो, पण रंग कमी धरतो. केस धरून ठेवणारा पत्रा घट्ट आणि न गंजणारा असावा.

नवा ब्रश थेट रंगात बुडवू नये. तो आधी तळहातावर झटकून सुटे केस काढावेत, नंतर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. दारावर चिकटणारे निम्मे केस इथेच निघून जातात.

मोठ्या भिंतीसाठी रोलर सोयीचा. त्याची लव किती लांब हे पाहणे आवश्यक आहे. गुळगुळीत पृष्ठभागाला ६ मिलिमीटरच्या आसपासची आखूड लव, नेहमीच्या प्लास्टरच्या भिंतीला १० ते १२ मिलिमीटर आणि खरबरीत बाह्य भिंतीला त्याहून लांब लव योग्य ठरते. लव जितकी लांब तितका रंगाचा पोत दाणेदार. रोलर घेतला तरी कोपरे आणि कडा ब्रशनेच रंगवाव्या लागतात.

भिंत खरोखर कोरडी आहे?

पावसाळ्यात भिंतीत मुरलेले पाणी वरवर कोरड्या दिसणाऱ्या प्लास्टरमागे बराच काळ राहू शकते. त्यावर रंग चढवला की काही महिन्यांत पोपडे धरतात. शंका असल्यास प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवावा. आतल्या बाजूस दव जमले तर भिंत अद्याप ओली आहे असे समजावे. गळती असेल तर आधी ती थांबवावी. गळणाऱ्या भिंतीवर महागडा रंगही टिकत नाही. नव्या प्लास्टरलाही किमान महिनाभर वाळू द्यावे.

जुन्या घरांत चुन्याचे थर असतात. ते न खरवडता इमल्शन लावल्यास रंग भिंतीला न चिकटता सुट्या चुन्याला चिकटतो आणि त्याच्यासह सुटतो. सैल थर काढणे, भेगा व खड्डे पुट्टीने भरणे, पॉलिश पेपरने घासणे, धूळ पुसणे आणि मग प्रायमर, हा क्रम चुकवू नये. घासताना आधी ८० किंवा १२० क्रमांकाचा जाड कागद आणि शेवटी १८० ते २२० क्रमांकाचा बारीक कागद वापरावा. घासून झाल्यावर दिवा भिंतीच्या बाजूला धरून तिरप्या उजेडात पाहिले की समोरून न दिसणारे उंचवटे दिसू लागतात.

जुना ऑइल पेंट घासताना सावध

रंगकामातला सर्वांत गंभीर धोका येथे आहे आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. रंग लवकर वाळावा, छटा पक्की राहावी यासाठी पूर्वी ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगे वापरली जात. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे केंद्र सरकारचे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगवलेल्या दारा-खिडक्यांवर शिसेयुक्त थर असण्याची शक्यता धरूनच काम करावे. जुन्या चाळी आणि इमारतींतल्या लाकडावर तर असे अनेक थर एकावर एक साचलेले असतात.

असा रंग कोरडा घासला की त्याची बारीक धूळ घरभर पसरते. ती श्वासावाटे आणि लहान मुलांच्या बाबतीत हातातून तोंडावाटे शरीरात जाते. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भवती स्त्रियांनाही त्याचा धोका असतो.

यावर उपाय आहेत. जुना ऑइल पेंट वॉटर पेपरने, पृष्ठभाग ओला ठेवून घासावा. मात्र विजेच्या बटणांजवळ ओले काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. नाकाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. एन-९५ दर्जाचा मास्क वापरावा. जमिनीवर प्लास्टिक अंथरावे, मुलांना व गर्भवती स्त्रियांना काम आणि साफसफाई संपेपर्यंत दुसरीकडे ठेवावे, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. स्टोव्ह किंवा ब्लो लॅम्पच्या ज्योतीने जुना रंग जाळून काढणे टाळावे, कारण त्या धुरातूनही शिसे पसरते. रंग घट्ट बसलेला असेल तर तो मुळापासून काढण्याची गरजही नसते. चमक मरेपर्यंत ओला घासून त्यावर नवा हात देता येतो.

हात कसा चालवावा

ब्रशचे केस एक-तृतीयांशच रंगात बुडवावेत आणि डब्याच्या आतल्या बाजूस हलकेच आपटावेत. काठावर निपटल्यास ब्रशने घेतलेला रंग पुन्हा डब्यातच जातो. रंग आधी पसरावा, मग आडवा सारखा करावा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशच्या टोकाने एकाच दिशेने अलगद फिरवून सोडावा. लाकडावर ही शेवटची दिशा लाकडाच्या रेषांनुसार असावी. नव्या पट्ट्याची कड आधीच्या ओल्या कडेत मिसळावी; ती वाळल्यावर जोड दिला तर पट्टा उठून दिसतो. दुपारी एक भिंत हाती घेतली तर ती पूर्ण करूनच चहाला थांबावे, ते याचसाठी.

नक्षीदार दाराचे आधी आतले पॅनल, मग आडव्या पट्ट्या आणि शेवटी उभ्या पट्ट्या रंगवाव्यात. एका जाड थरापेक्षा दोन पातळ हात नेहमीच सरस. इमल्शनच्या दोन हातांत साधारण ४ तास, तर ऑइल पेंटच्या दोन हातांत एक रात्र जाऊ द्यावी. नेमका कालावधी व पाण्याचे प्रमाण डब्यावर छापलेले असते. कडेला लावलेली मास्किंग टेप शेवटचा हात किंचित ओला असतानाच काढावी. पूर्ण वाळल्यावर ओढल्यास तिच्यासोबत रंगाची साल निघते.

चमक किती हवी?

मॅट रंग उजेड विखरून टाकतो, त्यामुळे जुन्या भिंतीचे उंचसखलपण झाकले जाते. मात्र त्यावरचे डाग पुसणे कठीण असते. चकचकीत रंग सहज पुसला जातो, पण पुट्टीतला प्रत्येक दोष दाखवतो. स्वयंपाकघर आणि मुलांच्या खोलीला मध्यम चमकेचा, धुता येणारा रंग, छताला मॅट आणि दारे-ग्रीलला चमकदार एनॅमल, अशी विभागणी बहुतेक घरांना मानवते.

सागवानी फर्निचरला मात्र ब्रशपेक्षा कापसाचा बोळा बरा. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. सुती कापडात गुंडाळलेल्या बोळ्याने तिचे अनेक पातळ थर चढवले जातात. दमट हवेत हे काम केल्यास थर पांढुरका पडतो, म्हणून ते पावसाळ्यात टाळावे. गरम कप आणि पाण्यानेही त्यावर पांढरे डाग पडतात, त्यामुळे जेवणाच्या टेबलाला मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन अधिक योग्य. स्पिरिट ज्वलनशील असल्याने जवळ गॅस, उदबत्ती वा निरांजन असू नये.

काम संपल्यावर

चांगला ब्रश नीट धुतला तर कित्येक वर्षे चालतो. स्वस्त ब्रश दरवेळी फेकावा लागतो. हा हिशेब खरेदीच्या वेळीच करावा. इमल्शनचा ब्रश लगेच साबणाच्या पाण्याने धुवावा. ऑइल पेंटचा ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये आणि मग साबणाने धुवावा. केस बोटांनी सारखे करून कागदात गुंडाळावा व टांगून ठेवावा. केसांवर उभा ठेवल्यास ते कायमचे वाकतात. जेवणापुरते थांबायचे असेल तर ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळला तरी पुरते. वापरलेले टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नये. बंद बाटलीत ठेवल्यास रंग तळाशी बसतो आणि वरचे द्रव पुन्हा वापरता येते.

जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगात ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावीत आणि पूर्ण वाळल्यावरच कचऱ्यात टाकावीत.