सोनझारींची नदी आणि मोटारीचे इंजिन

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सिहोऱ्याच्या बसथांब्याजवळ चहा पीत असताना एका तरुण मेकॅनिकने मला प्रश्न विचारला. त्याच्या दुकानामागे अँबेसेडर मोटारीचे जुने डिझेल इंजिन ताडपत्रीखाली पडून आहे. नदीतून सोने काढणारा वापरलेला ड्रेज परदेशात विकत मिळतो आणि त्याचे इंजिन निकामी असले तर लोक मोटारीचे इंजिन बसवतात, असे त्याने कुठेतरी पाहिले होते. तो म्हणाला, "काकाजी, असा ड्रेज आणून आपलं इंजिन बसवलं, तं बावनथडीत सोनं निघन का?"

मी इतिहासाचा पदवीधर नाही. भातगिरणीत आणि पंपांवर काम करत आयुष्य गेले आणि उरलेल्या वेळात गॅझेटियर वाचत गेलो. आठ दिवसांत उत्तर देतो असे मी त्याला सांगितले होते, त्याला वर्ष लागले. प्रश्न यंत्राचा वाटला तरी त्याच्या उत्तरात आमच्या भागाचा एक विसरलेला धंदा, एक दूरची नदी आणि माझी स्वतःची एक जुनी चूकही येते.

सिहोरा हे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचे गाव. उत्तरेला बावनथडी, पलीकडे बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश. पुढे बावनथडी वैनगंगेला मिळते. नकाशावर आज इथे राज्याची सीमा असली, तरी १९५६ पूर्वी दोन्ही काठ एकाच राज्यात होते आणि माणसे, बैल, धंदे मोकळेपणाने अलीकडे-पलीकडे जात. त्या धंद्यांपैकी एक सोनझारींचा.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात सोनझारा या लहानशा जमातीची स्वतंत्र नोंद आहे. नदीपात्रातली वाळू धुऊन सोन्याचे कण काढणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्या वस्तीच्या जिल्ह्यांत बालाघाट आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, यांची नावे आहेत. सोने आणि झारणे, म्हणजे झाडणे किंवा धुणे, अशी नावाची फोड तिथे दिली आहे. मराठी मुलखात याच कामाची शहरी भावंडे म्हणजे झारेकरी आणि धूळधोये. सोनाराच्या दुकानातला केर आणि राख विकत घेऊन ती धुणारे हे लोक. माझी आजी तुमसरच्या सराफ्यात राख गोळा करणाऱ्या बायांनाही सोनझारीच म्हणत असे.

या कामाचे शास्त्र एका आकड्यात सांगता येते. वाळूची घनता साधारण २.६५, तिच्याबरोबर येणाऱ्या काळ्या, लोहयुक्त वाळूची सुमारे ५ आणि शुद्ध सोन्याची १९.३. एवढा फरक असल्यामुळे पाण्यात हलवलेल्या लाकडी पाटीत सोने तळाशी बसते, हलकी वाळू काठावरून निघून जाते आणि शेवटी काळ्या वाळूच्या रेघेत पिवळा कण दिसतो. पण पाटी हलवणे हा कामाचा अर्धाच भाग होता. कुठली वाळू घ्यायची हे ठरवणे हा दुसरा. पूर ओसरल्यावर वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या मागे, खडकाच्या आडव्या भेगांत प्रवाह मंदावतो आणि जड कण तिथे पडतात. सोनझारी संपूर्ण नदी धूत नसे. तो चार जागा निवडत असे आणि बाकीची नदी सोडून देत असे.

हाताऐवजी यंत्राने नदी उपसण्याची कल्पना न्यूझीलंडमध्ये वाढली. तिथल्या क्लुथा नदीवर १८८१ मध्ये वाफेच्या इंजिनावर चालणारा, बादल्यांची साखळी असलेला ड्रेज सुरू झाला. १८८९ मध्ये चोई स्यू हॉय या चिनी व्यापाऱ्याच्या ड्रेजने शॉटओव्हर नदीवर चांगले सोने काढले आणि मग ड्रेज कंपन्यांचे पेव फुटले. तरंगता पाट्याचा तळ, त्यावर बॉयलर, पुढे तळ खरवडणाऱ्या लोखंडी बादल्या, मागे चाळण्या आणि पन्हळी, असे ते धूड होते. ते कंपनीलाच परवडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे ड्रेज ब्रह्मदेशात, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातच, म्यितकीनाजवळ इरावतीवर चालले.

इरावती का आणि वैनगंगा का नाही, हे आमच्या नदीकाठी राहणाऱ्याला समजायला वेळ लागत नाही. ड्रेजला तरंगायला वर्षभर पाणी लागते. इरावतीला हिमाच्छादित डोंगरांचे पाणी आहे. आमच्या नद्या आषाढात काठ सोडतात आणि वैशाखात बावनथडी माणूस चालत ओलांडतो. मधूनमधून खडकाचे पट्टे आडवे येतात. शिवाय विदेशी भांडवलाला आमच्याकडे दुसरे, अधिक खात्रीचे खनिज मिळाले होते. १९०० च्या सुमारास नागपूर जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या आणि लवकरच भंडारा जिल्ह्याची पाळी आली. सिहोऱ्याहून फार लांब नसलेल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या खाणी आजही चालतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजच्या मॉईलकडे त्या आहेत. टोपल्यांनी उचलता येणारे काळे सोने हाताशी असताना पिवळ्या कणांसाठी नदीत बॉयलर तरंगवायला कोण येणार?

मोटारीच्या इंजिनाने हा हिशेब बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पाणबुड्याचे साहित्य आणि लहान इंजिने स्वस्त झाली आणि दोन-तीन माणसांनी चालवायचा चोषण ड्रेज प्रचारात आला. त्यात बादल्या नसतात. पंप स्वच्छ पाणी दाबाने एका नळीतून सोडतो. त्या झोतामुळे मोठ्या नळीत ओढ तयार होते आणि तळाची वाळू-खडी वर येते. खडी पंपाच्या पंख्यातून जात नाही, म्हणून पंप टिकतो. वर आलेला माल आडव्या पट्ट्या ठोकलेल्या पन्हळीवरून वाहतो आणि जड कण पट्ट्यांमागे अडकतात. मूळ इंजिन गेले की मोडीतल्या मोटारीचे इंजिन बसवायचे, ही रीत तिथूनच पडली. फोक्सवॅगन बीटलचे इंजिन या कामात आवडते झाले, कारण ते हलके आहे, हवेवर थंड होते आणि त्याला रेडिएटर लागत नाही.

अँबेसेडरचे १४८९ सी.सी.चे डिझेल इंजिन तसे नाही. ते बिडाचे, जड आणि पाण्यावर थंड होणारे आहे. तरीही ते बसवता येईल. दोनशे लिटरचा रिकामा पिंप स्वतःचे वजन वजा जाता सुमारे १८० किलो भार तरंगत ठेवतो. इंजिन, पंप, पन्हळ, डिझेल आणि दोन माणसे धरली तर आठ-दहा पिंपांचा तराफा पुरे. गिअरबॉक्स काढू नये, वरच्या गिअरमध्ये फिरणे सरळ एकास एक मिळते आणि क्लचमुळे पंप न फिरवता इंजिन सुरू करता येते. रेडिएटरऐवजी नदीचे पाणी गाळून, वेगळ्या नळीतून फिरवावे.

अवघड भाग जोडणीचा नाही, स्वभावाचा आहे. मोटार रस्त्यावर क्षणभर जोर लावते, मग उतार, थांबा, मंद चाल. तिच्या इंजिनाला विश्रांती मिळत राहते. पंपाला विश्रांती नाही. तो तासन् तास एकसारखा भार घेतो. पंपाचा नियमही कठोर आहे. वेग २० टक्के वाढवला तर पाणी २० टक्के वाढते, दाब ४४ टक्के, पण लागणारी शक्ती सुमारे ७३ टक्के वाढते. थोडे जास्त पाणी मिळावे म्हणून पेट्रोल-डिझेलची काडी किंचित ओढणारा माणूस इंजिनावर किती बोजा टाकतो, हे त्याला दिसत नाही.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. तिशीही गाठली नव्हती तेव्हा एका कोरड्या वर्षी मी मोडीतल्या जीपचे पेट्रोल इंजिन आणून शेतातल्या पंपाला जोडले. पेट्रोलवर सुरू करायचे आणि गरम झाले की रॉकेलवर टाकायचे. चार दिवस धान भिजले आणि गावात माझे नाव झाले. पाचव्या दिवशी फूटव्हॉल्व्हमध्ये काडी अडकली, पंपाने हवा धरली आणि भार एकदम सुटला. शेतीच्या इंजिनाला गव्हर्नर असतो, भार सुटला की तो इंधन आवरतो. जीपला गव्हर्नर म्हणजे ड्रायव्हरचा पाय आणि मी तेव्हा बांधावर जेवत होतो. इंजिन किंचाळत पळाले. मी पोहोचेपर्यंत कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. वडील काही बोलले नाहीत. त्या वर्षी आमचे अर्धे धान वाळले.

म्हणून तरुण मेकॅनिकला मी आधी हेच सांगितले की तुझे इंजिन डिझेलचे आहे, पंपातच वेग आवरणारी व्यवस्था आहे, तेवढा तू माझ्यापेक्षा सुरक्षित. ड्रेज तयार होईल. खडी वर येईल.

सोने मात्र बहुधा येणार नाही. सोनझारीच्या पाटीत दिवसाच्या मजुरीपुरते सोने सापडे, ते त्याने निवडलेल्या वाळूत. नळी निवड करत नाही. ती तळाची सरसकट वाळू ओढते आणि नदीची सरासरी ही निवडक जागेच्या मानाने फार गरीब असते. शिवाय दूर वाहत आलेले सोने पिठासारखे बारीक आणि चपटे होते. पन्हळीतल्या वेगवान पाण्यात ते पट्ट्यांवरून निघून जाते. हात हळू चालतो म्हणून तो कण राहतो. जितके जास्त डिझेल जाळावे तितकी जास्त वाळू हलते, सोने त्या प्रमाणात वाढत नाही.

कायद्याचाही प्रश्न आहे. खाण आणि खनिजांच्या १९५७ च्या कायद्यानुसार सोने प्रमुख खनिजांत येते आणि नदीतली साधी वाळू गौण खनिजांत. सोन्यासाठी शासनाच्या सवलतीशिवाय नळी पाण्यात घालता येत नाही.

पण सोन्याशिवायही तो ड्रेज महाराष्ट्रात आलाच आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यात, भीमेच्या पात्रात, वाळू उपसणाऱ्या सक्शन बोटी म्हणजे हेच यंत्र, फक्त पन्हळ काढून टाकलेले. तराफ्यावर ट्रकचे जुने इंजिन, त्याला पंप, पंपाला नळी. महसूल आणि पोलीस खात्याची पथके अशा बोटी पकडून जिलेटिनने उडवतात, त्या बातम्या सोलापूर-पुणे भागातल्या वाचकांना नव्या नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलच्या मादेइरा नदीवर सोने उपसणारे शेकडो तराफे जमले, तेव्हा तिथल्या पोलिसांनीही अनेक तराफे जाळले. कॅलिफोर्नियात, जिथे हा लहान ड्रेज लोकप्रिय झाला, तिथेच २००९ मध्ये चोषण ड्रेजिंग थांबवण्यात आले. माशांच्या अंड्यांची जागा विस्कटते, आणि जुन्या सोनेखाणींचा तळाशी बसलेला पारा पुन्हा प्रवाहात येतो, ही चिंता त्यामागे होती. आपल्याकडे २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली.

वाळू गेली की पात्र खोल जाते आणि काठाच्या विहिरीचे पाणीही खाली जाते. आमच्याकडे याचा अर्थ सरळ आहे. सोंड्याटोला उपसा योजना बावनथडीचे पाणी चांदपूरच्या तलावात चढवते आणि त्या पाण्यावर आमचे धान उभे राहते. नदीचा तळ आमच्या भातशेतीच्या हिशेबात आहे.

या सगळ्यात मिस्त्रीला दोष द्यावा असे मला वाटत नाही. मोडीतले इंजिन दुसऱ्या कामाला लावणे ही खरी विद्या आहे. तिच्या बळावर विदर्भात किती मळण्या झाल्या, किती गिरण्या चालल्या. सोनझारींच्या वेळी नदीची मर्यादा माणसाच्या दंडात होती. दोन माणसे दिवसभरात किती वाळू धुणार? वाफेच्या काळात ती भांडवलात होती. आता जुने इंजिन मोडीच्या भावात मिळते, तेव्हा ती मर्यादा कुठेच आपोआप नाही. ती माणसांनी ठरवावी लागते, आणि तेही यंत्र जोडण्याआधी. बोट उडवल्यावर मजूर उपाशी राहतो आणि नेलेली वाळू परत येत नाही.

मला दुसरी एक गोष्टही खटकते. रसेल आणि हिरालाल यांनी निदान सोनझारींची दोन-चार पाने लिहिली. आमच्या मिस्त्रींनी कोणते इंजिन कशाला जोडले, कोणती पुली लावली, काय फुटले, हे कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही. ती माणसे जातील तशी ती विद्या जाईल.

यंदा पोळ्यानंतर मी त्या तरुणाच्या दुकानात गेलो. सगळे ऐकून तो जरा हिरमुसला, मग म्हणाला, "मंग काकाजी, हे इंजिन मळणीलेच लावतो." मी त्याला दोनशे पानांची वही दिली आणि जोडणीचे प्रत्येक माप त्यात लिहायला सांगितले. पहिल्या पानावर त्याने इंजिनाचा क्रमांक, फ्लायव्हीलचा व्यास आणि पट्ट्याची लांबी लिहिली आहे. व्यास चुकला होता. आम्ही दोघांनी पुन्हा मोजला.