३१ ऑगस्ट : ओव्हरडोसने गेलेल्यांची स्मरणसभा



घरात कोणी गेले की आपल्याकडे माणसे जमतात, तेराव्यापर्यंत कोणी ना कोणी डबा घेऊन येते. पण तरुण मूल ड्रगच्या ओव्हरडोसने गेले, तर आईवडिलांना कारण सांगवत नाही. "अचानक गेला" एवढेच सांगितले जाते आणि पुढे त्याचे नावही कोणी काढत नाही. अशा घरांसाठी ही माहिती देत आहोत.

सुरुवात कशी झाली?
२००१ साली ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या सेंट किल्डा भागात, साल्व्हेशन आर्मीत काम करणाऱ्या सॅली फिन यांनी ओव्हरडोसने गेलेल्यांच्या आठवणीसाठी रिबिनी वाटल्या. त्यातून ३१ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय ओव्हरडोस जागृती दिन झाला. २०१२ पासून मेलबर्नची पेनिंग्टन इन्स्टिट्यूट त्याचे संयोजन करते. जांभळा रंग ही त्याची खूण. अमेरिकेत २०२४ साली सुमारे ८०,००० माणसे ओव्हरडोसने गेली, त्यामुळे इथे अनेक गावांत हा दिवस पाळतात.

तिथे काय होते?
संध्याकाळी बागेत, चर्चमध्ये किंवा टाउन हॉलसमोर लोक जमतात. टेबलावर फोटो मांडतात, मेणबत्त्या लावतात, एकेक नाव मोठ्याने वाचतात. काही ठिकाणी दर माणसामागे एक जांभळा झेंडा रोवतात. कोणाला बोलायचे असल्यास बोलावे, नाही तर नुसते बसावे. आजीआजोबांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही.

नालोक्झोन
बऱ्याच ठिकाणी नालोक्झोनचा नाकात मारायचा स्प्रे कसा वापरावा हेही शिकवतात. फेंटानिल, हेरॉइन यांसारख्या ओपिऑइडमुळे थांबत आलेला श्वास त्याने परत सुरू होऊ शकतो. २०२३ पासून अमेरिकेत तो प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. स्प्रे दिला तरी ९११ ला फोन करायलाच हवा, कारण औषधाचा असर उतरल्यावर श्वास पुन्हा थांबू शकतो.

जाताना
फोटो न्यावा. नाव वाचणाऱ्याला आपले उच्चार जमत नाहीत, म्हणून ते इंग्रजीत उच्चाराप्रमाणे लिहून द्यावे, किंवा स्वतःच वाचावे.

आपल्या रीतीत हे बसते का, असे काही जण विचारतात. पितृपक्षात शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांचे श्राद्ध चतुर्दशीला करण्याची प्रथा आहे. म्हणजे अकाली गेलेल्यांसाठी आपल्या पूर्वजांनीही एक तिथी राखून ठेवलीच होती.

एकट्याने जायला जड वाटत असेल तर कार्यकारिणीतील कोणालाही सांगा. आमच्यापैकी कोणीतरी सोबत येईल, आणि तुम्ही सांगाल त्यापलीकडे काही विचारणार नाही.